साडेएकोणचाळीस

"तुमचा हातच जड आहे! जनावर दबतंय त्याच्याखाली!" टेलरबाईंचा आवाज असा चढला की मैदानाच्या फाटकापाशी चहा पिणाऱ्यांनीही माना वळवल्या.

हा बावीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेल्या बाईचा राग होता. गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की "श्वास सोडा, मग घेते माप" असं तोंडावर सांगणारी ही बाई. नवरीच्या आईचीही तिथे गय नव्हती. अशा बाईला कुणी सांगावं की तुमच्या कुत्रीचं माप घेता येत नाही?

सांगत होते कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीतले मापाचे पंच. सत्तरीचे, काटकुळे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्यासमोर एक उभी काठी होती आणि तिच्यावर वर-खाली सरकणारी आडवी पट्टी. कुत्रं सरळ उभं करायचं, पट्टी त्याच्या खांद्यावर टेकवायची, आकडा वाचायचा. चाळीस सेंटीमीटरच्या आत भरलं तर मधला गट, उड्यांचे अडथळे तीसचे. वर भरलं तर मोठा गट, अडथळे पन्नासचे. कुत्रं दोन वर्षांचं झालं की हे माप एकदाच घ्यायचं. कुत्र्याच्या नोंदीच्या पुस्तिकेत शिक्का बसला की तो कायमचा.

आणि टेलरबाईंची कुत्री चिंधी काठीजवळ नेली की चारही पाय पसरून खाली बसकण मारत होती. दोनदा झालं. आता एकच संधी उरली होती.

"पन्नासच्या उड्या हिला चालणार नाहीत," टेलरबाई म्हणाल्या. "मागच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बजावलंय, तीसच्या वर एक बोटही नाही. मी स्वतः मोजलंय हिला. साडेएकोणचाळीस! तुम्ही घाबरवताय तिला."

पंचांनी चष्मा पुसला. "घाबरलेलं कुत्रं शेपूट हलवत नाही, बाई."

टेलरबाईंनी खाली पाहिलं. चिंधी जमिनीला चिकटली होती आणि शेपटीने धूळ उडवत होती. तोंडावर तर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद. आणि ती टेलरबाईंकडे बघतच नव्हती. ती बघत होती शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याकडे. नवऱ्याच्या पँटच्या उजव्या खिशाकडे.

"दर स्पर्धेला अशी चार-पाच येतात," पंच हळू आवाजात म्हणाले. "लोक शिकवून आणतात. काठी दिसली की दबायचं, म्हणजे आकडा कमी भरतो. म्हणून तर नियम आहे, तिसऱ्यांदाही सरळ उभं राहिलं नाही तर थेट मोठा गट. दहा मिनिटं घ्या. बघा जमतंय का."

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून गाडीमागे नेलं.

"खिसा दाखवा."

खिशात चीजचे तुकडे होते, कागदात नीट गुंडाळलेले.

नवरा लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय खरा मानायचा नाही, ही खोड त्याला नोकरीने लावली होती. तो खाली मान घालून बोलायला लागला. दोन महिन्यांपूर्वी त्याने चिंधीला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं होतं. एक्केचाळीस भरली.

"केसांवरून मोजलंत?"

"केसांवरून... म्हणजे, जिथे दिसली तिथे पट्टी ठेवली."

"केस दाबायचे असतात! खांद्याचं हाड शोधायचं असतं! मोजणं म्हणजे काय लांबून मीटरचा काटा बघणं वाटलं तुम्हाला?"

चिंधी मोठ्या गटात जाणार म्हणून तो घाबरला होता. टेलरबाई दुकानात गेल्या की फरशी पुसायचा दांडा उभा करायचा, चिंधी दबली की चीज. रोज वीस मिनिटं, दोन महिने. आयुष्यात इतक्या चिकाटीने त्याने दुसरं काही केलं नसेल. अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे!

"फाटकाबाहेर जा," टेलरबाई म्हणाल्या. "मला दिसू नका."

तो गेला. चिंधी काठीपासून दहा पावलांवर ऐटीत सरळ उभी राहिली. पाच पावलांवरही राहिली. टेलरबाईंनी तिला चुचकारलं, पोटाखाली हात धरला, पाठ थोपटली, दरडावलंसुद्धा. दीड वर्ष पहाटे उठून त्यांनी तिला बोगद्यातून पळायला, दांड्यांमधून नागमोडी जायला, वर-खाली होणाऱ्या फळीवर तोल धरायला शिकवलं होतं. एकदा शिकलेली गोष्ट ही कुत्री विसरत नाही, असं त्या स्वतःच कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या. काठीला हात लावला मात्र, चिंधी सपाट!

दहा मिनिटं संपली. पंचांनी पट्टी खाली आणली, आणखी खाली आणली, आणि थांबले.

"लिहा," टेलरबाई म्हणाल्या.

"वाईट वाटतं हो. कुत्री चाळीसच्या आतली आहे, मला नुसत्या नजरेने दिसतंय. पण नजरेचं माप लिहिता येत नाही."

"मघाशी तुम्हाला नको ते बोलले."

"राहू द्या," पंच म्हणाले आणि त्यांनी मोठ्या गटाचा शिक्का मारला.

फाटकाबाहेर नवरा उभा होता. पुस्तिका न उघडताच त्याला कळलं. "मी जाऊन सांगतो त्यांना, चूक माझी आहे म्हणून. पाया पडतो. पुन्हा मोजतील."

"कायमचं आहे ते. तीसच्या वर तिला उडी नाही आणि पन्नासच्या खाली आता तिला जागा नाही. संपलं."

"तिच्यासाठीच केलं गं मी."

"तिच्यासाठी नाही केलंत! सगळं गाव माझ्या मापाचे कपडे घालून फिरतं. मी घरात साडेएकोणचाळीस सांगितलं, ते तुम्हाला खोटं वाटलं. विचारायचं तरी एकदा!"

"विचारलं असतं तर तू चिडली असतीस."

"चिडलेच असते! पाच मिनिटं चिडले असते, मग तुमच्यासमोर पुन्हा मोजलं असतं, आणि आत्ता ती आत पळत असती!"

मैदानात मधल्या गटाची शिट्टी झाली. चिंधीने कान टवकारले आणि फाटकाकडे जोरात ओढ घेतली. टेलरबाईंनी पट्टा हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरून ठेवला.