विचारून केलेली चोरी

"वहिनी, उद्या सकाळी आपल्याकडे चोरी करायला आलो तर चालेल का?"

जरीनाबाई अत्तारांच्या हातातलं सूप थांबलं. दारात शेजारचे शरच्चंद्र देवस्थळी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि चेहरा किरकोळ रजा मागायला आल्यासारखा.

"कसली चोरी, भाऊजी?"

"शेवंतीची. सरोजिनीची गेली."

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या त्या क्वार्टर्समध्ये तेव्हा टीव्ही एकाच घरी होता. करमणुकीचं बाकीचं काम शेवंती करी. मागून आणलेली शेवंती रुजत नाही, चोरून आणलेलीच रुजते, हा तिथला कायदा. तो शरच्चंद्रांच्या पत्नी सरोजिनीबाईंनीच घालून दिलेला. त्यांची स्वतःची पिवळी शेवंती मोठ्या साहेबांच्या बंगल्यातून, हळदीकुंकवाच्या ओटीत लपून आली होती. पुढे बायका त्यांच्या अंगणातून कोंब पळवत, आणि सरोजिनीबाई ओट्यावर बसून मुद्दाम डोळे मिटून घेत. जरीनाबाईंनीही तसाच पळवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी शेणखताचा डबा सरोजिनीबाईंनीच पाठवला.

गेल्या श्रावणात सरोजिनीबाई गेल्या आणि शरच्चंद्रांनी झाडाची सेवा आरंभली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी करमेना म्हणून पाणी. झाड कुजलं. बाईंच्या मागे त्या घरात वाढणारी तेवढी एकच गोष्ट होती. आता चोरीला पर्याय नव्हता. पण कारखान्याच्या भांडारात जन्मभर कारकुनी करून या गृहस्थाने घरी टाचणीसुद्धा आणलेली नव्हती.

"विचारून चोरतात होय?" जरीनाबाईंनी कपाळाला हात लावला. "घालवलात ना सगळा गुण! आता कशी रुजायची ती?"

शरच्चंद्रांचा चेहरा उतरला. पिशवीची घडी घालत ते वळले. "राहू द्या मग. चुकलंच माझं."

"मी काही ऐकलंच नाही," जरीनाबाई सुपातल्या डाळीला म्हणाल्या. "पाखडताना मला ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्र चपला हातात घेऊन अत्तारांच्या अंगणात शिरले. खिडकी उघडी होती. आत नवरा-बायको चहा पीत बसले होते. शरच्चंद्रांनी भरदार दिसते म्हणून नेमकी फुलून गेलेली जुनी काडी धरली.

"अहो, ऐकलंत का?" आतून आवाज आला. "हल्लीच्या चोरांना काही म्हणता काही येत नाही. बुंध्यापाशी हिरवे कोंब फुटलेत, ते मुळासकट घ्यायचे सोडून वाळकी काडी ओढतात."

"दोन-तीन ने म्हणावं," अय्युबभाई पेपराआडून म्हणाले. "एखादा जगेल. आणि पाणी शिंपड म्हणावं, ओतू नको."

"मी कशाला बोलू चोराशी? ओळख ना पाळख."

शरच्चंद्रांनी कोंब पिशवीत ठेवले आणि जन्माच्या सवयीने म्हणाले, "आभारी आहे."

आत अय्युबभाईंना एकाएकी ढास लागली. इतकी जोराची, की आभार कुणाला ऐकू गेले नसावेत.

कोंब वाळू मिसळलेल्या मातीत, सावलीला लागले. शरच्चंद्र तांब्या भरून कुंडीपाशी जात, चार थेंब शिंपडत आणि उरलेलं पाणी मोह नको म्हणून स्वतःच पिऊन टाकत. एका कोंबाने मान टाकली. दुसरा पिवळा पडला. तिसरा नुसताच उभा होता, बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखा. होळी झाली, रंगपंचमी झाली. तो आपला तसाच.

आणि एका संध्याकाळी त्याच्या शेंड्याला नखाएवढं, कातरलेल्या कडांचं नवं पान दिसलं. खरंच आहे ना, म्हणून शरच्चंद्रांनी ते चिमटीत धरून हलकेच चोळलं. बोटांना कडसर, हिरवा वास लागला. अंगणातलं आवरून सरोजिनी आत यायची, तेव्हा तिच्या हातांना हाच वास असायचा.

ते आत आले. पाट मांडला, वाढून घेतलं. हात धुवायला मोरीत गेले, नळ सोडला, आणि थोडा वेळ उभे राहून तसाच बंद केला.

त्या दिवशी शरच्चंद्र देवस्थळींनी जन्मात पहिल्यांदा वरणभात चमच्याने खाल्ला.