तिसरी पायरी राहिली

मी लेथ बोलतोय. लोखंडाचा दांडा पकडून गरागरा फिरवायचा आणि हत्यारानं त्याला आकार द्यायचा, हे माझं काम. म्हणजे असायला हवं होतं. सहा वर्षांच्या आयुष्यात मी एकूण सव्वीस मिनिटं काम केलंय. बाकी सगळा वेळ प्लॅस्टिकखाली.

कारखान्यात मला जोडणाऱ्या मिस्त्रीनं निघताना पाठीवर थाप मारली होती. "जा बाबा, खूप राब." प्रवासात सांडू नये म्हणून माझ्या पोटातलं तेल काढून घेतलं होतं. हँडलला चिठ्ठी बांधली: चालू करण्याआधी तेल भरा.

मी आलो ते मोफत कामधंदा शिकवणाऱ्या केंद्रात. फी नाही, पैसा सरकारचा. माझ्यासारखी यंत्रं त्यातूनच येतात. उद्घाटनाला पाहुणे आले, माझ्या भोवती उभे राहून फोटो काढले. चिठ्ठी फोटोत वाईट दिसत होती. प्राचार्यांनी ती कात्रीनं कापली आणि खिशात टाकली. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "झाका. तपासणीला हेच दाखवायचंय. पोरांचा हात लागला की वाट लागेल."

मग पोरं माझ्यावर नाही, फळ्यावर शिकली. शिकवणारे सर चित्र झकास काढायचे. फळ्यावरचा मी म्हणे माझ्यापेक्षा देखणा होतो. वह्यांमध्ये बाण काढून नावं लिहायची, की झाला लेथ चालवणारा टर्नर. कोणी म्हणालंच, "सर, एकदा चालवू द्या ना," तर प्राचार्य दारातून बोलायचे, "फुकट शिकताय, वर नखरे?"

फुकट. हा शब्द मी प्लॅस्टिकखालून इतक्यांदा ऐकलाय की गंज त्यानंच चढला असावा.

तिसऱ्या वर्षी ती आली. सगळे तिला ड्रिल म्हणायचे, प्रश्न विचारून विचारून डोक्याला भोक पाडायची म्हणून. आधी खोकी भरायच्या कामावर होती. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. "फुकट आहे म्हणून जा. जमलं नाही तर परत खोक्यांवर, आणि मग तोंड वर करून बोलायचं नाही." एका वर्कशॉपच्या मालकानं तिला सांगितलं होतं, "सर्टिफिकेट नको दाखवू. माझ्यासमोर तीन पायऱ्यांचा दांडा काप आणि दुसऱ्या दिवसापासून ये."

तीन पायऱ्या म्हणजे एकाच दांड्याचे तीन जाडीचे टप्पे. वहीत तिनं ते पन्नास वेळा कापले होते. लोखंडात एकदाही नाही.

वर्ष संपायला आठवडा उरला, तेव्हा ती सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "सर, तिथे जाऊन काय करू? वही दाखवू?"

"माझी सही आहे गं यंत्राच्या कागदांवर. मोडलं तर मी घरी."

"आणि नाही चालवलं तर मी घरी."

सरांनी हातावरचा खडू पुसला. त्या दिवशी प्राचार्य बैठकीला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत सरांनी दार लावलं आणि प्लॅस्टिक ओढलं. तीन वर्षांनी मला उजेड दिसला.

ती माझ्या भोवती फिरली. तेल दाखवणाऱ्या गोल काचेपाशी थांबली. "सर, ही काच रिकामी का दिसते?"

"नवीन आहे गं. स्वच्छ असते."

मला ओरडायचं होतं. खरं सांगू, ओरडायचं नव्हतंही. मला फिरायचं होतं.

तिनं दांडा पकडला, खटका दाबला. पहिला कीस निघाला तो निळसर, गरम, लांबच लांब गुंडाळत गेला. ती हसली नाही. ओठ दाबून हँडल फिरवत राहिली. पहिली पायरी झाली. दुसरी झाली, आणि सर नकळत म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." तिसरीला हत्यार टेकलं आणि माझ्या पोटात कोरडी दातेरी चाकं एकमेकांना चावली. एक किंकाळी, धूर, आणि मी थांबलो तो थांबलोच.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिच्या वडिलांना बोलावलं. "सरकारी मालाचं नुकसान केलंय तुमच्या मुलीनं." वडिलांनी हात जोडले. "पोरीचीच चूक, साहेब. फुकट मिळालं की किंमत राहत नाही." तिनं एकदाच सरांकडे बघितलं. सर बुटांकडे बघत होते. तेलाचं नाव कोणीच काढलं नाही. तीन मोठी माणसं, एकाच्याही घशात अडकलं नाही एवढं खोटं गिळताना.

हजेरीपटावरचं तिचं नाव खोडलं. माझ्या नावापुढे मात्र रजिस्टरात 'चालू स्थितीत' असंच राहिलं. मोडलं म्हणून लिहिलं असतं तर का मोडलं तेही लिहावं लागलं असतं.

महिन्याभरानं तपासणीचे साहेब आले. साहेबांनी प्लॅस्टिक उचललं. तिचा दांडा अजून माझ्या जबड्यात होता. साहेबांनी पायरीवरून बोट फिरवलं.

"सुरेख काम आहे. कोणाचं?"

"आपल्याच मुलांचं, साहेब. रोजचंच आहे. चालवून दाखवू?"

मी वाट बघत होतो. साहेबांनी घड्याळ बघितलं. "नको. अजून दोन केंद्रं करायचीत."

त्या दोन पायऱ्यांवर केंद्राला पुढच्या तीन वर्षांचा पैसा मिळाला. शेजारी अजून एक नवीन लेथ आलाय. त्याच्या हँडलची चिठ्ठीही कापलीय, कात्रीचा आवाज मी ऐकला. तोही झाकलाय.

ती परत खोकी भरते. सर एकदा दुसऱ्या सरांना सांगत होते, तेवढंच कळलं.

तुम्ही कधी या खोलीत आलात तर एवढं करा. शेजारच्याच्या पोटात तेल घाला आणि त्याचं प्लॅस्टिक जाळून टाका. माझ्यासाठी काही नको. फक्त हा दांडा सोडवा आणि तिला नेऊन द्या. दोन पायऱ्या तिच्या आहेत. तिसरी आम्ही खाल्ली.