सिमेंटचा भाव

“सिमेंट धाडकन पडलंय गं, छकुले,” दादा फोनवर म्हणाला. “तीनशे छत्तीस.”

छकुलीनं पंचेचाळिशी ओलांडली होती. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिची निम्मी नोकरी सरली होती, पण दादासाठी ती अजून छकुलीच. शाळेत असतानाच तिची दृष्टी गेली. आईच्या घराण्यातला आजार. त्यानं हिला गाठलं आणि दादाला सोडलं, असं सगळे म्हणायचे. पगारातून तिनं तीन कंपन्यांचे शेअर घेतले होते. त्यांचे आदल्या दिवशीचे भाव दादा रोज सकाळी, ती कामाला निघण्याआधी, फोनवर इंग्रजी पेपरातून वाचून दाखवायचा.

आता दादाला चकित करायचं तिनं ठरवलं होतं. बोलणारा कॉम्प्युटर तिच्याकडे होताच, पण शेअरबाजाराचं कुठलंही पान उघडलं की तो ‘चित्र, बटण, चित्र, जाहिरात’ एवढंच बडबडायचा. मग इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळणारा गृहस्थ म्हणाला, “मॅडम, त्या रंगीत पानांचा नाद सोडा. टर्मिनल वापरा. तिथं नुसती अक्षरं. तुम्ही आज्ञा टाइप करायची, उत्तर एका ओळीत.” त्यानंच एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. ‘भाव’ आणि कंपनीचं आखूड नाव टाइप केलं की झालं.

फोन ठेवून तिनं सिमेंटचं नाव टाइप केलं.

“तीनशे शहाऐंशी,” मशीन म्हणालं.

तिनं पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

तिच्या मनात पाल चुकचुकली. शेअरच्या खात्याचा सगळा कारभार दादाच्या हाती. आपले शेअर आहेत ना जागेवर? असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण शंका काही जाईना. रोज दादाचा फोन झाला की ती मशीनला विचारायची आणि दोन्ही आकडे मनात शेजारी शेजारी मांडायची.

कधी दादा कमी सांगायचा, कधी जास्त. रंगाच्या कंपनीचा भाव पाचशे एकावन्न असताना त्यानं हौसेनं एकसष्ट सांगितला. फसवणारा माणूस एकाच बाजूला चुकला असता. आणि एका सकाळी, बोर्डावर कुणाचातरी फोन जोडताना, तिच्या लक्षात आलं. आठाचा तीन होतोय. पाचाचा सहा. तिची नजर जात होती तेव्हा फळ्यावरच्या इंग्रजी आठाची वर्तुळं अशीच उघडायची.

तिचा हात बोर्डावर तसाच राहिला. पलीकडून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं.

सुट्टीच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन दादाकडे गेली.

“वन्सं, तुम्ही? कळवायचं तरी!” वहिनी म्हणाली.

“दादाला माझं नवं खेळणं दाखवायचंय.”

वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली. दादाच्या खोलीत छकुली त्याच्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “दादा, किती दिसतं आता?”

दादा म्हणजे जन्मभर पालिकेत नकाशे काढलेला माणूस. केसाएवढी रेघ त्याच्या हातून कधी हलली नव्हती.

“तुला कुणी सांगितलं?”

“सिमेंटनं.”

तो हसला. मग म्हणाला, “मधोमध धुकं आहे. कडेनं दिसतं थोडं. हिला बोललो नाही. घर डोक्यावर घेईल.”

“मग भाव कशाला वाचत बसलास?”

“तेवढंच तर करत होतो गं तुझ्यासाठी. ते कसं सोडू?”

तिनं त्याचा हात ओढून कीबोर्डवर ठेवला. “इथं दोन बटणांवर बारीक उंचवटे आहेत. सापडले?”

“सापडले.”

“तिथून मोजायचं. बघायचं नाही.”

पहिल्या खेपेला मशीन म्हणालं, “अशी आज्ञा सापडली नाही.”

“उद्धट आहे,” दादा म्हणाला.

“माझ्याशीही तसंच बोलतं. पुन्हा कर.”

तो चुकला, पुन्हा चुकला, वैतागला. “माझ्यानं नाही व्हायचं हे,” म्हणाला. ती नुसती बसून राहिली. मग त्याची बोटं पुन्हा फिरू लागली, सावकाश, एकेका अक्षरावर थांबत.

“तीनशे ब्याण्णव,” मशीन म्हणालं.

दादानं तो आकडा ओठातल्या ओठात म्हटला. “स्क्रीन बंद केली तरी चालतं का हे?”

“मी तर कधी चालूच करत नाही. आज तुझ्यासाठी केली.”

काहीतरी टक् वाजलं. त्यानं स्क्रीन बंद केली असावी. मग खुर्ची जराशी मागे सरकली आणि दादानं वहिनीला हाक मारली, “अगं, हातातलं ठेव आणि इकडे ये. जरा बस माझ्याजवळ. तुला एक सांगायचंय.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.