पहिलं गिऱ्हाईक

"पहिलं गिऱ्हाईक कधी आलं, तेवढं सांगा," मी तिसऱ्यांदा विचारलं.

चष्मेवाले काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काचा घासल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःचं दुकान भाड्यानं घेतलं. गेलं वर्षभर भाडं भरलं, मशीन आणलं, पण दुकान काही उघडेना. कधी कपाटाचं दार तिरकं, कधी पाटीवरचं अक्षर वाकडं. असल्या काटेकोर माणसांचा मला राग येतो. मी करसल्लागाराच्या कचेरीतला कारकून. शेवटी निस्तरायचं आम्हीच.

"धंदा सुरू झाल्यानंतरचाच खर्च वजा होतो, काका. नाहीतर दुकानासाठी विकलेल्या प्लॉटच्या रकमेवर पुरा कर बसेल."

"मग मशीन विकावं लागेल."

"म्हणून तर विचारतोय. गेलं वर्ष संपायच्या आधीचं एक तरी बिल?"

त्यांनी पिशवीतून बिलबुक काढलं. पहिलंच बिल बायकोच्या नावाचं, गेल्या वर्षाच्या सुरुवातीचं.

"फुकट नको म्हणाली. घरखर्चातून पैसे दिले. म्हणे, पहिलं गिऱ्हाईक मीच."

माझा जीव भांड्यात पडला. "अहो, मग सुटलात की!"

पण बिलावर आडवी रेघ होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, रद्द.

"काच दोनदा घासली, मनासारखी होईना. तिसऱ्यांदा जमली, तेव्हा ती दवाखान्यात होती. तिनं चष्मा लावलाच नाही. ती गेल्यावर पैसे तिच्या पर्समध्ये परत ठेवले."

मला भरून आलं आणि चीडही आली. "ती रेघ कोण बघतंय? नवं बिलबुक करा."

"जो चष्मा दिलाच नाही, त्याचं बिल कसं लावू?"

मी कागद गोळा करायला लागलो. काका माझ्या चष्म्याकडे बघत होते. त्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"कधी तुटली?"

"झाले चार महिने."

"द्या इकडे."

खिशातून चिमुकला स्क्रूड्रायव्हर निघाला. काडी बसवून त्यांनी चष्मा उजेडात धरला, पुसला, पुन्हा धरला. मग बिलबुकाचं दुसरं पान उघडून माझं नाव लिहिलं.

"काका, आजच्या तारखेचं बिल गेल्या वर्षाला चालत नाही."

"ठाऊक आहे." त्यांनी आजचीच तारीख घातली आणि चष्मा पुढे केला. "जराशी तिरकी राहिलीये. पण घाला. आत्ताच घाला."