शेख जरीफांनी न वाचता केलेला उपदेश

इजिप्तमधल्या मल्लावीच्या पलीकडे, उसाच्या मळ्यांत दडलेल्या त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीला कारभार पाहणारे तीन वडील होते आणि तिघांची मिळून अक्कल एका माणसाला जेमतेम पुरली असती. गाव त्यांना शेख म्हणे. त्यातले शेख जरीफ, मुलाच्या नावावरून 'अबू नागी', सगळ्यांत थोर, कारण रविवारचा उपदेश तेच करत. तो लिहून मात्र देई सित्त वदीदा, म्हणजे वदीदाबाई, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. अकरा वर्षं हे चाललं होतं. जरीफांची बायको फिरदौस सोडली तर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

जरीफ कागद आधी कधी वाचत नसत. "आत्मा ऐन वेळी बोलतो," असं ते चारचौघांत सांगत आणि घडी बायबलमध्ये खोचून थेट व्यासपीठावर चढत. हा आत्मा शनिवारी दुपारी चष्मा लावून, मसूर निवडता निवडता लिहीत असे, ते सांगायचं तेवढं राहून जाई.

त्या वर्षी वडिलांची चौथी जागा निघाली आणि वदीदाचं नाव पुढे आलं. तिला ती जागा हवी होती. आपलेच शब्द त्या माणसाच्या तोंडून ऐकून ती विटली होती. रविवारी उपदेश झाला की मल्लावीहून आलेले पाळक मत घेणार होते.

शनिवारी जरीफ दारात हजर. चहात चार चमचे साखर घालून ढवळत म्हणाले, "सित्त वदीदा, उद्या विषय असा घ्या. बाईनं मंडळीत शिकवू नये."

"कुणी सांगितलं?"

"पौलानं! तीमथ्याला लिहिलंय ना काहीतरी. ते जरा जोरात येऊ द्या. मनाला लावून घेऊ नका हं, तुम्ही मला बहिणीसारख्या."

"म्हणजे बाईनं शिकवू नये, हे मी तुम्हाला शिकवायचं?"

"शिकवायचं कुठं? नुसतं लिहून द्यायचं!"

तो चहा त्यांच्या टकलावर ओतावा असं वदीदाला वाटलं. "शास्त्रात आहे तेच लिहीन, अबू नागी. पण सगळं लिहीन. एकदा घरी वाचून बघा."

"आजवर कधी वाचलंय?" जरीफ हसत निघून गेले.

रविवारी पहिलं पान त्यांनी गडगडाट करत वाचलं. बाईनं शिकवू नये, निमूट राहावं. उजवीकडच्या बाकांवर पुरुष माना डोलावत होते. डावीकडे बायका खाली बघत होत्या. मग पान उलटलं.

"पण हाच पौल करिंथकरांना सांगतो, बाई प्रार्थना करील, संदेश देईल, तेव्हा तिनं डोकं झाकावं..." जरीफांचा आवाज बसला. "ती बोलणारच नसेल, तर पौलाला तिच्या डोक्याची काळजी कशाला?"

माना डोलायच्या थांबल्या. जरीफ पाणी प्यायले. थांबावं तर पुढे बोलायला स्वतःचं एक वाक्य गाठीशी नव्हतं.

"मोठ्यानं वाचा, अबू नागी!" फिरदौस बाकावरून ओरडली. "मागं ऐकू येत नाही!"

जरीफ घाम पुसत वाचत राहिले. दबोरेनं सगळ्या इस्राएलाचा न्याय केला. विद्वान अपुल्लोला प्रिस्किल्लेनं नवऱ्याबरोबर बसून शिकवलं. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी, तिची शिफारस खुद्द पौलानं केली. "एवढं वाचूनही जो सगळ्या बायकांना गप्प बसवतो, तो शास्त्र जपत नाही, आपली खुर्ची जपतो. आमेन."

मताला सगळ्यांत आधी फिरदौसचा हात वर गेला, मग साऱ्या बायकांचे. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. शेखच म्हणतात तर! त्यांचेही हात वर गेले. बाकीचे दोन शेख मांडीवर हात ठेवून बसले, पण वदीदा निवडून आली.

बाहेर अंगणात लोक जरीफांचा हात हातात घेत होते. "काय धाडस केलंत!" तिसऱ्या माणसापर्यंत त्यांची मान ताठ झाली आणि पाचव्यापर्यंत त्यांना ते खरंही वाटू लागलं. ते वदीदापाशी आले.

"बघा, आणलं की नाही निवडून? ऐन वेळी आत्म्यानं सुचवलं!" मग हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारचं कधी देताय?"

वदीदाला हसूही आलं आणि संतापही. तिनं मुळीच आवाज खाली केला नाही.

"पुढच्या रविवारी उपदेश मी करणार, अबू नागी. तुम्ही बाकावर बसून ऐका. आणि आजचा कागद परत द्या, माझा आहे."

जरीफांनी बायबल छातीशी धरलं. फिरदौसनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, आतली घडी उलगडली आणि सगळ्यांना वदीदाचं ओळखीचं अक्षर दिसेल अशी धरून तिच्या हाती दिली.