तानाबाईच्या पोटाचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, पोटाचा. तुमच्या गणवेशावरच्या पट्ट्याला बक्कल असतं, ऐट असते. माझ्या नशिबी ती नाही. ज्यांचं पोट फाडून परत शिवलेलं असतं, त्यांनी मला कपड्यांच्या आत गुपचूप बांधायचं, एवढाच माझा मान. आता तोही उरला नाही. कोल्हापूरजवळच्या एका गावात, गोठ्यातल्या खुंटीला मी लोंबकळतो आहे आणि माझ्यावर कोळी जाळं विणतो आहे. विणू दे बापडा, तो तरी कामात आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. रबरी धागे, जाड सुती कापड आणि टोकाला चर्रर्र करून उघडणारी चिकटपट्टी, एवढ्यात मी तयार झालो. मला शिवणाऱ्या बाईनं दोन्ही टोकं धरून मला ताणून पाहिलं आणि म्हणाली, "हा दगा नाही द्यायचा." तेच माझं बारसं. पुढं मी कोल्हापुरात एका औषधाच्या दुकानात खोक्यात पडून राहिलो. एकोणीसशे सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मला हंबीररावांनी विकत घेतलं, त्यांच्या बायकोसाठी, तानाबाईंसाठी. तानाबाईंच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं.

घरी सोडताना दवाखान्यातल्या सिस्टरनी मला तानाबाईंच्या पोटाला बांधलं आणि नवरा-बायकोला समोर बसवून नीट समजावलं. "मावशी, हा पट्टा आधार आहे, औषध नव्हे. उठता-चालताना बांधा, आडवं पडलं की सैल करा. जखम कोरडी ठेवायची. साबणानं हात धुतल्याशिवाय पट्टीला कुणी शिवायचं नाही. खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धरा. वजन उचलायचं नाही, आणि उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. जखम लाल झाली, पाणी सुटलं, वास आला, ताप आला, तर असाल तसं निघून यायचं."

हंबीररावांनी मान डोलवली. नंदीबैलसुद्धा इतकी डोलवत नाही.

पहिले काही दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. तानाबाई सोप्यात खाटेवर पडून असायच्या. समोरच्या घरातल्या चिमणाबाई भाकरी-कालवण आणून द्यायच्या, हात खळखळून धुवायच्या आणि जखमेवरची पट्टी बदलायच्या. बोलायला ही बाई म्हणजे फाटका ढोल, पण हात कापसासारखा. बघायला येणाऱ्या बायका मला चाचपायच्या. "काय गं बाई ह्यो पट्टा! आमच्या येळंला असलं काय न्हवतं." मी आतल्या आत फुगत होतो. जखम भरत होती. माझ्याखाली ती दिवसेंदिवस गार आणि कोरडी होत चाललेली मला कळत होती. आणखी थोडे दिवस गेले असते ना मित्रांनो, तर ते पोट धडपणी सांधलं असतं. पण चंद्री आडवी आली.

चंद्री म्हणजे घरची म्हैस. लांब शिंगाची, तोऱ्याची. डेअरीत तिच्या दुधाचा फॅट गावात सगळ्यांत वर लागायचा, आणि हंबीरराव त्या फॅटवरच मिशा पिळायचे. पण चंद्रीला सवय एकाच हाताची. तानाबाई लुगड्याचा काष्टा सावरून कासेखाली बसल्या की म्हैस पान्हा सोडायची, दुसऱ्या कुणाला लाथ. तानाबाई दवाखान्यात गेल्यापासून ती जेमतेम वाटीभर दूध देत होती. हंबीररावांनी तिच्यापुढं खायला आंबोण ठेवलं, कास चोळली, शिव्या घातल्या. शेवटी त्यांच्या मांडीवर खूर उमटला आणि बादली उकिरड्यापर्यंत गेली.

"कास दगडावानी झालीया," ते खाटेपाशी येऊन म्हणाले. "म्हस आटली तर काय करायचं?"

चिमणाबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, तानूचं न धुतलेलं लुगडं नेसा आन् बसा खाली. म्हस वासावर हाय. माझ्या भावानं आस्संच केलतं, आठवडाभर धार काढली त्यानं."

ह्यात थट्टा नव्हती. आपल्याकडं अडलेला माणूस असं करतो, म्हैस फसते आणि घर चालतं. पण हंबीरराव असे उसळले, जणू कुणी भर चावडीत त्यांचा फेटा उतरवला.

"मी? लुगडं नेसू? तालमीत लाल माती लावल्यालं ह्ये अंग! गावात तोंड दाखवू का नगं?"

"मग तानूचं पोट फाटू दे व्हय?"

"कशानं फाटतंय? पट्टा हाय की!"

पट्टा हाय की. मित्रांनो, माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि एवढं खोटंही. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो, की अहो, मी आधार आहे, औषध नव्हे! तानाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, गोठ्यातून येणारं हंबरणं ऐकलं, खाटेची कड धरली आणि उठल्या.

चिमणाबाई आडव्या झाल्या. "तानू, बसू नगंस गं! सिस्टर काय म्हणालती?"

"म्हस तडफडतीया, वैनी. आन् ह्येंचं तोंड बघा की."

त्या चंद्रीपाशी गेल्या आणि हळूहळू उकिडव्या बसल्या. मी पोटात रुतलो, दुमडलो, वर सरकलो. माझ्यात होता नव्हता तेवढा जोर मी लावला. चंद्रीनं मान वळवून वास घेतला आणि पान्हा सोडला. बादलीत धार वाजायला लागली. हंबीरराव दारात उभे राहून खूश झाले. आणि बादली भरत आली असताना माझ्याखाली काहीतरी बारीकसं उसवलं. तानाबाईंच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. म्हैस बिचकू नये म्हणून तेही त्या हळूच बोलल्या.

एकदा जमलं म्हणजे रोज जमतं, हा घरातला न्याय. सकाळ-संध्याकाळ धार तानाबाईंनीच काढायची, असं न बोलताच ठरून गेलं. रागानं चिमणाबाईंनी येणं बंद केलं. त्यांचाही राग चुकीच्या माणसावर निघाला, म्हणून पट्टी बदलायला कुणी राहिलं नाही. जखमेतून पाणी सुटायला लागलं. मी आधी ओला झालो, मग चिकट झालो. मला सोडून जखम वाऱ्यावर ठेवायची, तर हंबीरराव म्हणायचे, "पट्टा ढिला पडलाय, म्हणून दुखतंय. आवळ जरा." आणि त्या मला आवळायच्या. सडणाऱ्या जखमेवर झाकण होऊन बसणं म्हणजे काय, ते मला विचारा. माझ्या अंगाचा वास मलाच सहन होत नव्हता.

शेवटी तो वास गल्ली ओलांडून गेला की काय, चिमणाबाई आल्याच. तानाबाईंचं अंग तव्यासारखं तापलं होतं. चिमणाबाईंनी हात धुतले, मला चर्रर्र करून सोडलं आणि बघितलं मात्र, बोंब ठोकली. "आरं मुडद्या हंबीरा! बायकू हाय का जनावर? जनावराला तरी डाक्टर बोलवतुयास तू!" भावजी म्हणायचं भानही त्यांना राहिलं नाही. डेअरीचा टेम्पो थांबवून त्यांनी तानाबाईंना कोल्हापूरला नेलं.

मला कुणीतरी खळबळून गोठ्यातल्या दोरीवर टाकलं. आता जे सांगतो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी चंद्री हंबरत होती. हंबीरराव आत आले. बाहेर डोकावून पाहिलं, दार लोटलं, कडी घातली. मग खुंटीवरचं तानाबाईंचं मळकं लुगडं काढून धोतरावर गुंडाळलं, पदर डोक्यावरून मिशांपर्यंत ओढला आणि कासेखाली बसले. चंद्रीनं वळून वास घेतला. जरा थांबली. आणि सोडला की पान्हा! बादली फेसानं भरली. तालमीतली लाल माती काही विटली नाही, आभाळ काही कोसळलं नाही. लुगडं गुंडाळायला लागतो तेवढा वेळ, एवढीच होती त्या पोटाची किंमत. पुढं रोज तसंच. दार, कडी, लुगडं, धार.

तानाबाई वाचल्या. पण जखम उघडी ठेवून आतून भरत आणायला पावसाळा गेला, आणि पोट कायमचं कमजोर झालं. खोकल्या, की नारळाएवढा गोळा वर येतो. घरी आल्यावर त्या मला घ्यायला स्वतः गोठ्यात आल्या. माझ्याशेजारी खुंटीवर त्यांचं लुगडं होतं. काठाला शेण, पदराला तंबाखूचा वास. त्यांनी पदर नाकाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात हंबीरराव बादली घेऊन आले.

"नेसता येत हुतं की वो तुमास्नी," तानाबाई म्हणाल्या.

हंबीरराव वरमले. म्हणाले, "दार लावून नेसलो. कुणी बघितलं न्हाय."

"मग तवा काय दाराला कडी न्हवती?"



तानाबाईंनी मला आणखी आठ-नऊ वर्षं बांधलं. शेतात तण भांगलायला जाताना, चुलीपुढं बसताना. माझी चिकटपट्टी झिजली, रबर सैल पडलं, तेव्हा दुसरा पट्टा आला आणि मी ह्या खुंटीवर. माझं काही गाऱ्हाणं नाही. वापरून झिजलो, फुकट नाही गेलो. त्या बाई मात्र फुकट झिजल्या, ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मित्रांनो, ऐका. तुमच्या घरी आई, मावशी, आजी पोटाचं ऑपरेशन करून आली, तर हात धुऊन तिच्या जवळ जा. जखम कोरडी ठेवा, खोकली तर उशी द्या, पाण्याची कळशी तुम्ही उचला. जखम लाल दिसली, वास आला, की कुणाची वाट बघू नका. मला बांधलं म्हणजे बाई बरी झाली, असं चुकूनही समजू नका. आणि तिचं काम करायची कुणाला लाजच वाटत असेल, तर त्याला गोठ्याच्या दाराची कडी दाखवा. ती सुरुवातीपासून तिथंच असते.