जुनी आवृत्ती कोण वापरतं?

मजकुराचं ब्रेल करून देणारं ते सॉफ्टवेअर ताईंनीच लिहिलेलं, फुकट आणि सगळ्यांना खुलं. नवी आवृत्ती येऊन बरीच वर्षं झाली, तरी जुनीची डागडुजी काही सुटेना. हक्काचे रविवार तिच्यापायी जायचे. "तू काय जन्माचा ठेका घेतलायस?" नवरा म्हणायचा, आणि खोटं काय होतं त्यात!

शेवटी ताईंनी रीतसर विचारलं, जुनी आवृत्ती अजून कुणी वापरतं का? महिनाभर कुणी चकार शब्द काढला नाही. चला, सुटले! वर्षअखेर ती बंद होईल असं कळवणारा शेवटचा अपडेट त्यांनी जुन्या आवृत्तीला पाठवला आणि त्या रविवारी दुपारी मस्त ताणून दिली.

फोननं जाग आली. अंधशाळेच्या छापखान्यातले मास्तर बोलत होते. त्यांचं छपाईयंत्र म्हातारं, त्याला जुनीच आवृत्ती चालते म्हणे. ताई उठून बसल्या. आता हे भांडणार. लोक फोन करतात ते भांडायलाच!

"अहो, मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"कधी विचारलंत?"

ताईंना आठवलं. प्रश्न झळकला होता तो फक्त नव्या आवृत्तीच्या पडद्यावर. म्हणजे गाडीत बसलेल्यांनाच विचारायचं, गाडी कुणाची चुकली? धन्य ती हुशारी!

"माझंच चुकलं. किती मुदत हवी, सांगा."

"मुदतीसाठी नाही हो केला फोन," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं पोरांची सगळी पुस्तकं तुमच्यामुळे छापली. कधी अडलं नाही, म्हणून कधी फोनही केला नाही. बंद व्हायच्या आधी आभार मानायचे राहून जायला नकोत, एवढंच."

आजवर ताईंच्या वाट्याला तक्रारीच आल्या होत्या.

"नवं यंत्र कधी येणार तुमचं?"

"मंजूर झालंय. पण दोन वर्षं तरी जातील."

"मग दोन वर्षं नक्की. नवं काही घालणार नाही, पण मोडलं तर दुरुस्त करीन."

फोन ठेवून त्यांनी तोच प्रश्न जुन्या आवृत्तीत घातला. संध्याकाळपर्यंत उत्तरांची रीघ लागली. शाळा, वाचनालयं, बायकोसाठी घरीच पुस्तकं छापणारे एक आजोबा. बहुतेकांनी आधी आभार मानले होते, मग उत्तर दिलं होतं.

"म्हणजे गेले आपले रविवार," नवरा म्हणाला.

"जाऊ देत," ताई डोळे पुसत हसल्या. "मला वाटायचं, मी रिकाम्या घराची राखण करतेय. अरे, घर भरलेलं होतं!"